चर्चच्या वहीतल्या मिसेस

२१ फेब्रुवारी १९९८. सकाळी एडिनबराहून गाडी काढली, दुपारी हायलँड्समधल्या एका खोऱ्यात पोहोचले, संध्याकाळी परत आले.

आपल्या या ई-मेलच्या ग्रुपवर मी नुसती वाचते, आज लिहिते आहे. आमचे हे ऑक्टोबरमध्ये गेले. दर फेब्रुवारीत ते त्या खोऱ्यात एकटे स्कीइंगला जायचे. मला थंडी सोसत नाही, म्हणून मी कधीच गेले नव्हते. आज त्यांची जागा बघायला गेले.

गावातल्या जुन्या चर्चमध्ये पाहुण्यांची वही होती. तीत दर वर्षी यांच्याच अक्षरात लिहिलेलं: ‘डॉक्टर आणि मिसेस जोशी.’

चर्च सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना मी कोण ते सांगितलं आणि वहीतलं नाव दाखवून विचारलं, “यांच्याबरोबर कोण असायचं?”

“कोणी नाही. मी चिडवायचे, मिसेसना कुठे लपवलंत डॉक्टर? तर म्हणायचे, आमच्याकडे लग्नाच्या पाकिटावरसुद्धा जोडीनंच नाव घालतात, एकटा गेलो तरी.”

खरं आहे. आहेराच्या पाकिटावर आम्ही तसंच लिहायचो. पण चर्चच्या वहीत? आणि बाई बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या, खुर्च्या सरळ करत होत्या. त्या मला सांभाळून घेत होत्या का? की यांनीच ही सबब त्यांना देऊन ठेवली होती?

तुमच्यापैकी कोणी एकट्यानं गेल्यावर असं दोघांचं नाव लिहितं का? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून नको.

घरी आल्यावर कालची आमटी गरम केली आणि ओट्यापाशी उभ्यानंच जेवले.