चौथ्या मजल्याएवढा माड

लग्न ठरताना माणूस एखादी थाप मारतो. मी सात मारल्या. त्यातल्या सहा बायकोने लग्नानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात पकडल्या आणि सोडूनही दिल्या. सातवी मात्र तिने कधी उकरली नाही. बायको जी गोष्ट उकरत नाही, ती आमच्या जांभ्या दगडापेक्षा जड असते, हे मी अनुभवाने सांगतो.

सातवी थाप अशी. लांज्याच्या पुढे बरंच आत तिचं गाव. तिथून समुद्र म्हणजे दोन एसट्या आणि एक उलटी. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पोह्यांची बशी पुढे करताना तिने हळूच विचारलं, "रत्नागिरीत तुमच्या घरातून समुद्र दिसतो का हो?" खरं उत्तर होतं की मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि खिडकीतून शेजाऱ्याच्या कंपाउंडची भिंत दिसते. पण ती समोर उभी, आणि विचारताना तिचे डोळे असे काही झालेले, की मी म्हटलं, "दिसतो का? अहो, आमच्या खिडकीत बसल्या बसल्या होड्या मोजता येतात!"

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी तिने खिडकी उघडली. समोर हातभरावर चिऱ्यांची काळी पडलेली भिंत, आणि भिंतीवर मान हलवत बसलेला एक सरडा. तिने सरड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "एक."

बस्स. त्यानंतर अकरा वर्षं त्या विषयावर चकार शब्द नाही.

माझा धंदा विहिरीतले पंप काढायचा, दुरुस्त करायचा आणि परत बसवायचा. त्यामुळे माझा जन्म खाली बघण्यात गेलेला. खोलीची मला भीती नाही. सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, एका विहिरीत मी सकाळी गुळगुळीत दाढी करून उतरलो होतो, तळाला पोचलो तेव्हा खुंट वाढले होते. उंचीचं मात्र जमत नाही. स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तरी मला कुलदैवत आठवतं. असल्या माणसाने हवेत घर घ्यायचं ठरवलं, ते निव्वळ त्या एका "एक"पायी.

बँक म्हणाली, घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा तुम्ही आणा, उरलेलं आम्ही बघतो. पाचवा हिस्सा! ऐकायला किती बारीक वाटतं. तो जमवायला आम्हाला नऊ वर्षं लागली. रविवार नावाचा वार मी कॅलेंडरात बघायचो, अंगाला कधी लागला नाही. बायको आमसुलं सुकवी, फणसपोळ्या थापी आणि मुंबईला जाणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत एक पुडकं कोंबी. ओळखीची माणसं पुढे पुढे आमची गल्ली टाळून मुंबईला जायला लागली. एक दिवस पासबुकात तो आकडा उमटला तेव्हा मी बँकेतल्या बँकेत चपला काढल्या. देवळातही मी इतक्या मनापासून काढत नाही.

इमारत व्हायची होती शहराच्या कडेला, सड्याच्या उतारावर. तेव्हा तिथे फक्त जोतं होतं आणि पत्र्याच्या शेडमध्ये बिल्डरचं हापिस. हापिसातले गृहस्थ जाडजूड, गोड, आणि मी सांगतो, थापेच्या बाबतीत मला पाणी पाजतील असे. आमच्या पैशांत बसत होता दुसरा मजला. मी विचारलं, "समुद्र दिसेल ना?"

"दिसेल? साहेब, दुसऱ्या मजल्यावर दुपारी खिडकी बंद ठेवायला लागेल. लाटांच्या उजेडाने डोळे दुखतात लोकांचे!"

मी मान डोलावली. कलावंताला कलावंताने दाद द्यायची असते. पण बायको शेडबाहेर जाऊन उभी राहिली होती. समोर आंब्याची कलमं, त्यांच्यापलीकडे आणखी कलमं. जागेच्या कुंपणाला लागून शेजाऱ्यांचा एक उंच माड होता, आणि त्या माडावरून एक पाडेली, म्हणजे नारळ उतरवणारा म्हातारा, आरामात खाली येत होता. पायात ते पेडलवालं लोखंडी यंत्र, कमरेला पट्टा. एक पाय उचलायचा, दुसरा दाबायचा.

"काका," बायकोने हाक मारली, "वरून समुद्र दिसतो का हो?"

"दिसतो की वयनी. चांगला दिसतो."

"किती उंचावरून?"

पाडेली हसला. "आता नारळ बगू की फूट मोजू?"

हापिसातले गृहस्थ मागून आले. "बघा, तोही सांगतोय, दिसतो! झालं ना समाधान?"

बायको शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यांनी मी एकदा बघितलाय समुद्र."

मी एकदम कुंपणाचे खांब मोजायला लागलो.

पुढच्या रविवारी ती मला घेऊन परत तिथे गेली. पिशवीत काथ्याची लांब दोरी. तिने आठवडाभर हापिसात फोन करून प्रत्येक मजल्याची उंची विचारून घेतली होती, पार्किंगसकट. तेवढ्या तेवढ्या अंतरावर दोरीला लाल ब्लाउजपिसाच्या चिंध्या बांधल्या होत्या. पहिली चिंधी म्हणजे पहिल्या मजल्याची खिडकी, दुसरी म्हणजे दुसऱ्याची, अशा चार. शेजाऱ्यांची परवानगी काढली होती. पाडेलीला यंत्र घेऊन बोलावलं होतं, दोन माडांची मजुरी कबूल करून. हे सगळं मला तिथे गेल्यावर कळलं.

"चढा आता," पाडेली मला म्हणाला.

मी चढलो. वाऱ्याने माड हलत होता, खालची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती, ढग कानाला लागत होते. तेवढ्यात पाडेली म्हणाला, "दादा, दुसरा पाय पन जमिनीवरना उचला."

तेव्हा बायकोने ओढणी कमरेला गुंडाळली. "व्हा बाजूला."

"अगो, तू?"

"मग कोण? सरडा?"

अकरा वर्षांनी! मी बाजूला झालो. पाडेलीने तिच्या कमरेला पट्टा आवळला, दोनदा ओढून बघितला, पाय कसे टाकायचे ते सांगितलं. "भिऊ नका वयनी. माड काय पळून जात नाय." दोरीचं एक टोक तिने कमरेला बांधलं, उरलेलं वेटोळं माझ्या हातात दिलं. आणि ती निघाली. एक पाय, दुसरा पाय. यंत्राचा खटक, खटक. मी दोरी सोडत होतो आणि चिंधी हातातून सुटून लोंबती दोरी ताठ झाली, की लिफ्टवाल्यासारखा ओरडत होतो.

"पहिला मजला!"

"कुंपण दिसतंय. आणि तुमचं टक्कल."

"दुसरा मजला!" हाच तो, आमच्या पैशांचा. हापिसातले गृहस्थ शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"कलमं," वरून आवाज आला. "आणि पलीकडे कलमं."

"नीट बघा मॅडम, फांद्यांच्या मधून!" गृहस्थ ओरडले.

"फांद्यांच्या मधून एक बाई दिसतेय. ताक करतेय."

तिसऱ्या मजल्यावर कुणाचीतरी पाण्याची टाकी दिसली आणि गच्चीत वाळत घातलेले लेंगे. माझ्या मानेला रग लागली होती, पण डोळे तिच्यावरून हलत नव्हते. विळीवर बसून फणस चिरणारी, पावसात छत्री उघडायला विसरणारी ही बाई, आभाळात एक एक पाऊल रोवत चालली होती. मी विहिरीत वाकून अनेक अचाट गोष्टी बघितल्या आहेत. वर बघून तोंड उघडं राहण्याची ती पहिली वेळ.

चौथी चिंधी माझ्या हातातून सुटली. "चौथा मजला!"

दोरी पुढे सरकेना.

"अगो! काय दिसतंय?"

खटक खटक थांबलेलं. झावळ्यांची सळसळ तेवढी. पाडेलीने कपाळावर हात धरून वर बघितलं. मी दोरी घट्ट धरली, जशी काही ती वाऱ्यावर उडून जाणार होती.

मग वरून, अगदी शांत, पोह्यांची बशी पुढे करतानाचा तोच आवाज आला.

"दोन."

मला आधी कळलंच नाही.

"तीन," ती म्हणाली. "चार. पाच..."

ती होड्या मोजत होती. दोनपासून. एक तिने अकरा वर्षांपूर्वीच मोजून ठेवला होता.

मी तिथेच चिऱ्यांच्या ढिगावर बसलो. ती सतरापर्यंत गेली. पाडेली मला म्हणाला, "दादा, रडताव काय?" मी म्हटलं, "माडावरचा कचरा डोळ्यात गेला." ही माझी आठवी थाप.

खाली उतरल्यावर तिचे तळवे सोलवटले होते. गृहस्थांपुढे जाऊन ती एवढंच म्हणाली, "चौथा."

चौथ्याचा भाव ऐकून मी परत चिऱ्यांच्या ढिगावर जाऊन बसलो. आमचा नऊ वर्षांचा पाचवा हिस्सा चौथ्या मजल्यासाठी सातवा ठरत होता. गृहस्थ मात्र बदलले होते. मोठ्या थापाड्यालाही एखाद्या बाईपुढे खरं बोलावंसं वाटतं, ते मला माहीत आहे. म्हणाले, "मॅडम, चौथा मी शेवटचा स्लॅब पडेपर्यंत कुणाला दाखवत नाही. त्या दिवशी मात्र मुंबईच्या पार्ट्या येतात. मग माझ्या हातात नाही."

तिथून शर्यत सुरू झाली. इमारत वर चढत होती आणि मागून आमचे पैसे. पहिला स्लॅब पडला, आम्ही ताजे मासे सोडले. रत्नागिरीत! बाजारातून सुरमई बघत बघत जायचं आणि घरी येऊन कुळथाचं पिठलं जेवायचं. मासे घेऊन दारावर येणारी भाभी आठवडाभराने आवाज खाली आणून बायकोला म्हणाली, "वहिनी, घरात कोन गेलं काय?" सुतक असल्याशिवाय असं कोण वागतं? आमच्या पायरीवरची मांजर महिनाभर थांबली, मग समोरच्या घरात राहायला गेली. जाताना तिने मागे वळूनही बघितलं नाही.

दुसरा स्लॅब पडला तेव्हा आम्ही बरेच मागे होतो. मग पाऊस आला आणि काम थांबलं. त्या वर्षी तो जाता जाईना. सगळं शहर म्हणत होतं, पुरे आता, बुरशी आली कपड्यांना. मी एकटा रोज सकाळी भिजत भिजत त्या अर्ध्या इमारतीसमोरून जायचो आणि म्हणायचो, पड बाबा, आणखी आठ दिवस पड. इतका लांबलेला पाऊस माझ्यामुळे होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लोकांच्या भाताचं नुकसान झालं म्हणतात.

दिवाळीनंतर तिसरा, मग चौथ्याचे खांब. उन्हाळ्यात विहिरी खाली गेल्या आणि मला दिवसाला पाच पाच बोलावणी यायला लागली. मी एका विहिरीतून निघून थेट दुसरीत उतरत होतो, मधली जमीन फक्त ऐकून माहीत. शेवटच्या स्लॅबच्या सकाळी उरलेली रक्कम एका बागवाल्याकडून आली, तीही मी त्याच्या विहिरीत गळाभर पाण्यात असताना. त्याने ती पोहऱ्यातून खाली सोडली. तसाच चिखलासकट मी ती बँकेत भरली आणि इमारतीपाशी गेलो. मिक्सर धडधडत होता. बायको गृहस्थांच्या टेबलासमोर चेकबुक उघडून बसली होती, रक्कम लिहून, सही न करता. मी नुसती मान डोलावली. तिने सही केली. बाहेर एक मुंबईची गाडी येऊन थांबली, त्यातल्या माणसाने काळा चष्मा काढून वर बघितलं. गृहस्थ त्याला म्हणाले, "दुसरा आहे ना साहेब! दुपारी डोळे दुखतात इतका समुद्र!"

आता आम्ही इथे राहतो. पहिले चार दिवस मी खिडकीकडे पाठ करून जेवलो. पाचव्या संध्याकाळी बायकोने माझं मनगट धरलं आणि मला गजांपाशी नेलं. "उघडा डोळे." मी एक उघडला. कलमांच्या हिरव्या अंगावर, दोन टेकड्यांच्या मधोमध, दोन बोटं रुंद अशी एक चकाकती पट्टी. एवढीच. लोकांना मी अख्खा अरबी समुद्र सांगतो, पण तुम्हाला खरं सांगतो, दोन बोटं. त्या दोन बोटांवर होड्या परत येत होत्या, तिळाएवढ्या, एकामागून एक, आणि तिच्या गालावर तिकडचा उजेड पडला होता. मला दुसरा डोळा उघडायचं विसरायला झालं.

खटक. खटक. शेजारच्या माडावर पाडेली चढत आला आणि आमच्या खिडकीसमोर, आमच्याच उंचीवर थांबला. जणू शेजारच्या फ्लॅटमधले.

"काय वयनी, दिसतो ना?"

"दिसतो काका! चहा घ्या खाली गेल्यावर."

"घेतो, घेतो." तो आणखी दोन पावलं वर गेला, झावळ्यांत शिरला, आणि त्याचा आवाज आला. "पन वयनी, हितनं तर लईच मोठा दिसतो!"

बायको हळूच माझ्याकडे वळली. डोळे पुन्हा तसेच झालेले.

"ह्या इमारतीला पाचवा मजला नाही," मी घाईघाईने म्हटलं.

"माहितीय," ती म्हणाली. "गच्चीची चावी कुणाकडे असते हो?"