कौसल्याबाईंची तेरा वर्षं

कौसल्याबाई दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी केस रंगवायच्या. काळ्या रंगाची एक पुडी, दात घासायचा जुना ब्रश आणि शेजारणीचा आरसा, एवढं साहित्य. सोमवारी सकाळी सातला आमच्या दारात उभ्या राहिल्या की डोकं काळंभोर आणि खाली सगळं शरीर सत्तरीला टेकलेलं. कानाच्या पाळीवर हमखास एक डाग राहिलेला असायचा. आमची ही म्हणायची, "अहो कौसल्याबाई, कशाला हा सोस या वयात?" त्यावर त्या पदर खोचत म्हणायच्या, "सोस कसला काकू, ड्युटी आहे ती. पांढऱ्या केसांच्या बाईला भांड्याला कोण ठेवतंय?" आणि मोरीकडे वळायच्या.

कोथरूडमधल्या आमच्या चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायटीत त्यांनी वीसेक वर्षं धुणी-भांडी केली. मला काका म्हणायच्या. मी त्यांच्याहून जेमतेम तीन वर्षांनी मोठा, पण काम देणारा तो काका, असा हिशेब. चौतीस वर्षं मी एका शाळेच्या कचेरीत कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर लोकांचे फॉर्म भरून देतो. कुणी विचारलं नाही तरी भरून देतो, असं ही म्हणते. खाडाखोड नाही, एकही रकाना रिकामा नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

त्यांचं खरं वय मला पक्कं ठाऊक होतं. पुण्यात आमच्या पिढीच्या माणसाला जन्मतारीख विचारावी लागत नाही. पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही केवढे होतात, एवढं विचारलं की भागतं. कौसल्याबाई सात वर्षांच्या होत्या, दुसरीत. नदीकाठची त्यांची वस्ती गेली. आईनं हाताला धरून फरफटत उंचावर नेलं आणि ह्या पाटी घरात राहिली म्हणून भोकाड पसरून रडत होत्या. चहा पिताना हे सांगायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "पाटी राहिली ती राहिली. शाळाही तिथंच राहिली म्हणा." नवरा तरुणपणीच वारला. एक मुलगी, सुमन, लोणी काळभोरला दिलेली. तिचंही हातावर पोट. बाई वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या.

आता माझी गोष्ट. आधारकार्डं नवीन निघाली तेव्हा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिबिर भरलं होतं. मी सेक्रेटरी, त्यामुळे टेबल-खुर्ची टाकून फॉर्म भरायला मीच. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही त्यांचं तोंडी वय चालत होतं. कौसल्याबाई समोर येऊन बसल्या.

"वय अठ्ठावन्न ना?" मी लिहायला लागलो.

"पंचेचाळीस लिहा."

"अहो बाई, तेरा वर्षं एका घासात?"

त्यांनी मागे कोण आहे ते बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "लिहा हो काका. दुसऱ्या मजल्यावरून माझ्या जावेला काढलं परवा. वय झालं म्हणे, हातून कप फुटतात. आता गेटवर हेच कार्ड दाखवायला लागणार. त्याच्यावर अठ्ठावन्न दिसलं की माझाही नंबर लागला."

मी हसलो. "लिहू की! कागदाला कुठं कळतंय," असं म्हणालो. हे माझे शब्द, जसेच्या तसे. वळणदार अक्षरात पंचेचाळीस लिहिलं, मशीनवरच्या पोरीनं ते आत टाईप केलं, आणि आम्ही सगळ्यांनी चहा मागवला.

पुढं अकरा वर्षांत त्या कार्डाचा विषय कुणी काढला नाही. मग कौसल्याबाईंचे गुडघे गेले. चौथ्या मजल्यावरचं काम सुटलं, तिसऱ्यावरचं सुटायच्या बेतात आलं. एके दिवशी त्या आमच्या जिन्यात बसून गुडघे चोळताना हिला दिसल्या. ही माझ्यावर उखडली. "जगाचे फॉर्म भरता ना? मग यांच्या म्हातारपणाच्या पेन्शनचा भरा की! पासष्ट पूर्ण लागतात, यांची एकोणसत्तर झालीत."

मी ऐटीत कागदपत्रं मागवली. कार्ड हातात घेतलं आणि बोटांवर हिशेब केला. त्या कार्डाप्रमाणे कौसल्याबाई छप्पन्न वर्षांच्या होत्या. पानशेत फुटलं त्याच्यानंतर सहा वर्षांनी जन्मलेल्या. त्यांना म्हणालो, "कार्डात जरा चूक झालीय, दुरुस्त करून घेऊ." चूक कुणी केली ते बोललो नाही. मला वाटलं, त्या विसरल्या असतील.

पहिल्या दिवशी रिक्षातून सरकारी कचेरीत गेलो. बाई ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आल्या होत्या, आणि डोकं बघून मी कपाळावर हात मारला. आदल्या रात्री केस रंगवलेले!

"अहो, आज कशाला रंगवलेत?"

"साहेबांसमोर जायचंय ना काका. असंच कसं जायचं, गबाळ्यासारखं?"

खिडकीतल्या कारकुनानं एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा त्या काळ्याभोर डोक्याकडे. "मावशी, अजून नऊ वर्षं थांबा," म्हणाला. मी पानशेतचं सांगायला लागलो. वाईट नव्हता बिचारा, ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजोबा, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण सिस्टीम घेत नाही. आधी आधार दुरुस्त करून आणा." आधार केंद्रात दुरुस्तीला गेलो तर जन्माचा पुरावा पाहिजे. बाई शाळेत दोन वर्षं होत्या, म्हणून त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "पुराच्या आधीचं दप्तर आमच्याकडे नाही हो. सगळं वाहून गेलं." पायऱ्या उतरताना मी चडफडत होतो. कौसल्याबाई मात्र कठडा धरून म्हणाल्या, "बरं, पुढची खिडकी कुठली?"

हे त्यांचं पालुपद होतं. कुठूनही नकार आला की एक क्षण थांबायच्या, पिशवीतला डबा चाचपायच्या आणि विचारायच्या, "पुढची खिडकी कुठली?" कधी चिडल्या नाहीत. चिडायचो मी. सर्व्हर बंद, साहेब मीटिंगला, आज बुधवार, हे काम गुरुवारी. मी तावातावानं भांडायचो आणि त्या मागून माझा सदरा ओढायच्या. "काका, ओरडू नका. ते आपला कागद खाली घालतील." प्रत्येक खेपेला त्यांची एका दिवसाची कामं बुडत होती, आणि घराघरातून बोलणी बसत होती ती वेगळीच.

मग कुणीतरी सांगितलं, सरकारी दवाखान्यातून डॉक्टरचा वयाचा दाखला आणा. मी बाईंना बजावलं, "आता केस रंगवायचे नाहीत. डॉक्टरला म्हातारी दिसली पाहिजे." त्या म्हणाल्या, "आणि कामाचं काय काका?" मी म्हणालो, "चार महिन्यांचा प्रश्न आहे. एकदा पेन्शन सुरू झाली की कामाची फिकीर कुणाला?" शहाणा ना मी! त्यांनी ऐकलं. दोन महिन्यांत डोकं पांढरं झालं. पहिल्या मजल्यावरच्या सूनबाई आमच्या हिला म्हणाल्या, "अहो, या इतक्या म्हाताऱ्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. उद्या आमच्याकडे काही झालं तर? गिल्टी वाटतं हो." गिल्टी वाटून त्यांनी काम काढून घेतलं. मग तिसरा मजला गेला. समोरच्या सोसायटीतली दोन घरं गेली. राहिलं एक आमचं.

दवाखान्यात तीन खेपा झाल्या. डॉक्टर तरुण होता. दात बघितले, हाडांचे फोटो काढले आणि लिहून दिलं, 'वय अंदाजे साठच्या पुढे.' मला आनंदानं रडू यायचं बाकी राहिलं होतं. तो कागद घेऊन कचेरीत गेलो. कारकून बदलला होता. नव्यानं वाचून तो परत सरकवला. "पुढे म्हणजे किती? एक आकडा पाहिजे. आणि पासष्ट कुठं म्हटलंय यात?"

त्या दिवशी कौसल्याबाईंनी पुढची खिडकी विचारली नाही. आवारात लिंबाच्या झाडाखाली पार होता, तिथं बसल्या, डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं धरली. मी म्हणालो, "अजून प्रतिज्ञापत्राचा मार्ग आहे. वकील माझ्या ओळखीचा आहे."

"आता पुरे काका," त्या म्हणाल्या. "तुमचेही पाय सुजलेत. मी सुमनकडे जाते."

तेव्हा मला राहवलं नाही. घास हातातच राहिला. "कौसल्याबाई, ते पंचेचाळीस मी लिहिलं होतं. पार्किंगमध्ये. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. मला कळायला पाहिजे होतं, जन्म गेला माझा असल्या कागदांत."

"मला माहीत आहे की. मीच नाही का सांगितलं?"

"मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही एवढे पळत होता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आणि काका, त्या दिवशी तुम्ही खरं लिहिलं असतंत तर तेव्हाच घरी बसले असते. पेन्शनला सात वर्षं होती. मधली वर्षं मला कोण खायला घालणार होतं? तुमच्या त्या खोट्यावर मी बारा वर्षं जेवले. आता ते संपलं, एवढंच."

माझी समजूत घालत होत्या त्या! ज्यांचं सगळं गेलं त्या माझी समजूत घालत होत्या, आणि मी मान खाली घालून त्यांची भाकरी खात होतो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

आठवड्यानं त्या लोणीला गेल्या. निघताना हिनं साडी दिली, मी पाकीट दिलं. पाकीट घेताना म्हणाल्या, "हे घेते, पण याची सवय लावू नका." त्यानंतर दोनदा फोन आला. जावयाच्या दोन खोल्यांच्या घरात ओट्याखालची जागा त्यांना मिळाली होती. गुडघे दुखत असूनही शेजारच्या घरी लसूण सोलायला जात होत्या. वकिलाला मी भेटलो होतो, कागद तयार करून घेत होतो. त्यांना सांगितलं नव्हतं, आधी काम होऊ दे म्हटलं.

मागच्या थंडीत सकाळी सुमनचा फोन आला. आई रात्री झोपेतच गेली, म्हणाली. मी खुर्चीत बसलो. ही आतून धावत आली. सुमन रडत होती, पण तिला रडायला वेळ नव्हता. मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीचा माणूस समोर फॉर्म घेऊन बसला होता. "काका, तो आईचं वय विचारतोय. तुम्हाला माहीत आहे ना? काय सांगू?"

"एकाहत्तर," मी म्हणालो. हा एक तरी कागद खरा व्हावा असं मला फार वाटलं.

पलीकडे काहीतरी बोलणं झालं. सुमन परत फोनवर आली. "काका, तो म्हणतोय कार्डाप्रमाणे अठ्ठावन्न होतात. एकाहत्तर लिहिलं तर जुळणार नाही, कागद परत येईल. मग मला पुन्हा हेलपाटे." तिची उद्याची मजुरी, परवाची मजुरी, तिचे पाय, सगळं मला ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "अठ्ठावन्न लिही, पोरी."