दोघांचं स्टिअरिंग

आमच्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग दोन माणसं मिळून फिरवत होती, हे मला बरंच उशिरा कळलं. तेही योगायोगानेच. मी शाळेतून स्कूटरवर घरी येत होते, तर सिव्हिक सेंटरजवळच्या चौकात आमची पांढरी छोटी गाडी पुढे दिसली. रोडरोलर वळावा तशी सावकाश वळत होती. चालवत बाबा होते, पण शेजारी बसलेल्या आईचा हात स्टिअरिंगवर होता. मला आधी वाटलं दोघांचं भांडण जुंपलंय आणि आई त्यांच्या हातातून स्टिअरिंग हिसकावून घेते आहे.

घरी विचारलं तर दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही. आई म्हणाली, "काही नाही वं, धूळ पुसून राहिली होती मी." चालत्या गाडीत, भर चौकात. मी सातवीच्या वर्गाला शिकवते, याहून बऱ्या थापा रोज ऐकते. मी दारातून हलत नाही म्हटल्यावर बाबांनी उजवा हात वर उचलून दाखवला. तो कानापर्यंतही गेला नाही.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यातून क्रेन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. कारखान्याचं क्वार्टर सोडून आम्ही जवळच कुरुदला स्वतःचं घर बांधलं, आणि तिथेच त्यांचा खांदा धरला. जुन्या गाडीचं स्टिअरिंग निव्वळ लोखंडी दांड्याचं. त्याला मोटर नाही, मदत नाही, जेवढं बळ लावाल तेवढंच चाक फिरणार. त्यात आमच्या गल्लीचं वळण इतकं अरुंद की स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवल्याशिवाय गाडी आत येतच नाही. डावा हात गिअरवर, उजव्यात जोर नाही. म्हणून डावीकडे वळायचं असलं की बाबा म्हणायचे, "हां, ओढ," आणि आई तिच्या बाजूने स्टिअरिंग खाली ओढायची. उजवीकडे वळायचं असलं की "लोट", आणि ती वर लोटायची. आईला गाडी चालवता येत नाही. पण कोणत्या वळणावर किती ओढायचं, हे तिच्या हाताला पाठ झालं होतं. दवाखाना, भाजीबाजार, लग्नकार्य, सगळीकडे दोघं अशीच जाऊन येत होती.

मी चिडले. हसूही येत होतं, म्हणून जास्तच चिडले. "उद्या कोणाला उडवलं म्हणजे?" असं काहीबाही बोलले. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दसऱ्याले नागपूरले तं मीच नेईन."

खरं घोडं तिथेच अडलं होतं. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पांढरे कपडे घालून आम्ही भिलाईहून निघतो आणि दीक्षाभूमीला जातो. बाबांचे वडील बैलगाडीने आणि पुढे रेल्वेने जात. बाबांनी गाडी घेतली ती मुळात याच वाटेसाठी. प्लांटमध्ये कितीही गडबड असो, त्या दिवसाची सुट्टी ते आधीच सांगून ठेवत आणि स्टिअरिंगवर दुसऱ्या कोणाला बसू देत नसत. मी चांगली चालवते, पण त्या रस्त्यावर माझी जागा कायम मागच्या सीटवर, डब्यांच्या पिशवीशेजारी.

तेव्हा मी जुनी गाडी देऊन नवी घेतली, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची. शोरूममधल्या माणसाने बाबांना बसवून एका बोटाने स्टिअरिंग फिरवून दाखवलं. आत छोटी मोटर आहे, तुम्ही नुसतं सुचवायचं, बाकी ती करते, असं त्याने हिंदीत समजावलं. वर उत्साहाने हेही सांगितलं की आता तर अशा गाड्या निघाल्यात ज्यांत स्टिअरिंगपासून चाकापर्यंत दांडाच नसतो, सगळा निरोप तारेतून जातो.

घरी चहा पिताना बाबा म्हणाले, "दांडाच नाही, तं चाकाले सांगते कोन?"

"वायर सांगते," मी म्हटलं.

"अन् वायर विसरली म्हंजे?"

आईने लगेच टोला दिला. "तुमी जिंदगीभर क्रेन वायरीवरच चालवली ना? का खाली दोर बांधून ओढत होते?"

आईचं म्हणणं बिनतोड होतं. वर केबिनमध्ये बसून बाबा एक दांडी सरकवायचे आणि खाली वितळलेल्या पोलादाने भरलेलं भांडं हलायचं. मध्ये फक्त वीज. पण बाबा हरणारे नव्हेत. "क्रेनमधी वजन उचललं की केबिन दबत होती. सीटमधून समजे किती माल हाये. इथं हातात काहीच लागत नाही. चाक मातीत हाये का डांबरावर, गाडी सांगतच नाही." त्यांच्या निवृत्तीच्या आधी काही क्रेन रिमोटवर गेल्या होत्या, खाली उभं राहून बटणं दाबायची. त्या त्यांना सुरक्षित वाटत, आवडत मात्र नसत. आपल्याच जुन्या खुर्चीबद्दल माणसाला एवढा लोभ का असतो, मला तेव्हा कळत नव्हतं.

मला स्वतःला ती गाडी दोन दिवसांत सवयीची झाली. शाळेच्या फाटकातून एका हाताने आत घ्यायची, मागे घ्यायची, दंड दुखत नाहीत की घाम येत नाही. जुन्या गाडीवर शिकताना रडकुंडीला आले होते मी. तरी कधीकधी रिकाम्या रस्त्यावर वाटायचं, आपण गाडी चालवत नसून तिला विनंती करतो आहोत.

मग तो रविवार आला. बाबांनी पहिल्यांदा नवी गाडी बाहेर काढली. आई पुढे त्यांच्या शेजारी, मी मागे. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरच्या रस्त्यावर गर्दी नव्हती, दोन्हीकडे झाडं. पुढे डावीकडे वळायचं होतं. वळण आलं आणि बाबांच्या तोंडून सवयीनेच निघालं, "हां, ओढ."

आईने ओढलं. जुन्या गाडीला जेवढं ओढायची, तेवढंच.

गाडी गर्रकन वळली आणि पुढचं चाक फुटपाथवर चढलं. बाबांनी ब्रेक दाबला, एका गुलमोहोराच्या बुंध्यापासून हातभर अलीकडे आम्ही थांबलो. कोणाला काही लागलं नाही. सायकलवरून चाललेला एक गृहस्थ उतरून बघून गेला. पण माझी पाचावर धारण बसली होती. आईचा हात अजून हवेतच होता, आणि मग तिने तो पदराखाली घेतला.

"स्टिअरिंगच खराब हाये हिचं," बाबा म्हणाले. "अक्कल नाही ह्या गाडीले." आईचं नाव त्यांनी काढलं नाही, स्वतःचंही नाही. मी मागून सगळं पाहिलं होतं, ऐकलंही होतं. मी उतरले, बाबांना मागे बसवलं आणि गाडी घरी आणली. किल्ली माझ्या पर्समध्ये गेली.

त्यानंतर घरात शांतता होती, पण बरी नव्हे. बाबा व्हरांड्यात बसून गाडीकडे पाहायचे. आई कुठेही जाताना दार उघडून सरळ मागे बसायची. पुढे ये म्हटलं तर "मागंच बरी हवा लागते" म्हणायची. काचा बंद, एसी सुरू, आणि हवा मागे. दसरा जवळ येत होता. मी चालवून नेऊ शकले असते, त्यात अवघड काही नव्हतं. पण बाबा मागे बसून नागपूरला जातील ही कल्पनाच मला सहन होईना. त्या वाटेवर ते एकदा मागे बसले की पुन्हा पुढे बसणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्याची भीती वाटत होती.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी दोघांना घेऊन रसमड्याला गेले. सुट्टीला तिथले कारखान्यांचे रस्ते मोकळे असतात, एखादा उभा ट्रक सोडला तर माणूस नाही. किल्ली बाबांना दिली. मी शेजारी बसले, आई मागे.

चालवणं वाईट नव्हतं. सरळ रस्त्यावर हात पक्का होता. पण प्रत्येक वळणाला ते जास्त फिरवायचे, मग घाबरून उलट फिरवायचे, गाडी नागमोडी जायची. "हळू," मी म्हणायची. "हळूच करून राहिलो," ते म्हणायचे. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"मले समजतच नाही वो बेटा," ते समोर बघत म्हणाले. "खांदा नाही दुखत. पन अंदाजच येत नाही. जुनीत तुही आई किती जोर लावते त्यावरून मले समजे, की चाक किती फिरलं. आता तेबी नाही."

मी मागे वळून म्हटलं, "आई, तू ये पुढे."

"मी नाही येत," आई म्हणाली. "माह्या हातानं गाडी चढली ना फुटपाथवर. काही झालं असतं म्हंजे?" इतक्या दिवसांत हे ती पहिल्यांदाच बोलली. आवाज साधाच होता, पण तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते, वर्गात मार खाल्लेली पोर धरते तसे.

बाबांनी आरशात पाहिलं. "ओढ म्हनलं कोन? मीच ना? अन् इतके दिवस गाडी चालली ते कोनाच्या हातानं? ते नाही सांगत तू."

मी दार उघडून उतरले आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बराच वेळ उभी राहिले, ऊन लागत होतं. शेवटी ती पदर सावरत उतरली आणि पुढे जाऊन बसली.

"हात ठेव," बाबा म्हणाले. "ओढू नको. नुसता ठेव."

तिने हात ठेवला, तापलाय का ते बघायला तव्याजवळ न्यावा तसा. बाबांनी गाडी सुरू करून हळूच वळवली. स्टिअरिंग दोघांच्या हाताखाली फिरलं. "अगं बाई," आई म्हणाली, "हे तं आपोआपच चाललं." तिच्या आवाजात नवल होतं, आणि थोडं वाईट वाटल्यासारखंही होतं. रसमड्याच्या त्या रस्त्यांवर आम्ही दुपार होईपर्यंत फिरत राहिलो. पुढे पुढे बाबा तिला हात काढायला सांगू लागले, आणि वळणं नीट येऊ लागली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी गाडी काढली. राजनांदगाव गेलं, राज्याची सीमा गेली. मी माझ्या जागेवर, डब्यांच्या पिशवीशेजारी. पुढे पांढऱ्या शर्टाची पाठ आणि शेजारी पांढऱ्या साडीचा पदर. दोघांचे हात ज्याच्या त्याच्या जागी होते. बाबा छान चालवत होते. त्यांना कोणाचीच गरज पडत नव्हती, आणि मी त्या मोटरवर उगीचच जरा रागावलेली होते.

देवरीच्या पुढे आम्ही दरवर्षी ज्या टपरीवर पोहे खातो, ती डाव्या हाताला आली. बाबांनी वेग अगदी कमी केला, आरशात मागचा रस्ता पाहिला. रिकामा होता. मग समोर बघतच म्हणाले, "हां, ओढ."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. तिने हात पुढे केला, स्टिअरिंगवर ठेवला, आणि अजिबात न ओढता गाडी आत घेतली.