तीन वार म्हणण्याआधी

समस्त रत्नागिरीकर आणि उरलेल्या जगातील सज्जनहो, कृपया पान थुंकून या, कारण एक अत्यंत गंभीर बातमी जाहीर करायची आहे: आमचा चित्रपट एका भिशीवर उभा राहिला. मुंबईतल्या कचेऱ्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलं होतं. तेव्हा मिरकरवाड्यात मासळी विकणारी एक बाई म्हणाली, यंदाची माझी भिशी तुला. तिच्या मागोमाग इतर बायांनीही आपापली पाळी माझ्या नावावर केली. त्या पहिल्या बाईने, म्हणजे आमच्या निर्मातीबाईंनी, अट एकच घातली. बंदरावर मासळीचा लिलाव पुकारणारा तिचा नवरा पडद्यावर दिसला पाहिजे.

या जोडप्याचा लिलावात एक रिवाज होता. ती स्वतःही मासळी घ्यायला उभी असायची. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तिची बोली सगळ्यांच्या शेवटी. तो ‘एक वार, दोन वार’ पुकारायचा आणि थांबून तिच्याकडे बघायचा. तिची बोली आली, किंवा तिने नकाराची मान हलवली, की मगच ‘तीन वार’. मालकीणबाईंची सही झाली काय, म्हणून खलाशी त्याला छळायचे.

चित्रीकरणाच्या दिवशी ती नेमकी कॅमेऱ्यामागे, माझ्या शेजारी उभी होती. आवाज टिपला जात होता, म्हणून मी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं होतं. समोर सुरमईची पाटी. तो ‘दोन वार’ म्हणाला आणि थेट आमच्याकडे बघत थांबला. थांबलाच. ही बिचारी पुतळा. अखेर भुवया उडवून त्याने ‘तीन वार’ म्हटलं आणि सुरमई भलत्याच्या पाटीत गेली.

पुढच्या पावसाळ्यात, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना, छातीत कळ येऊन तो गेला.

संकलन मांडवीला, रस्त्यालगतच्या खोलीत चाललं होतं. खिडकी उघडी असायची आणि त्याचा आवाज दिवसभर रस्त्यावर जायचा: एक वार, दोन वार. ओळखीची माणसं चालता चालता थबकायची आणि आत न डोकावता पुढे जायची. मग खिडकीच्या कठड्यावर तंबाखूची पुडी दिसू लागली. त्याच्याच आवडीची, सोबत चुन्याची डबी. कोण ठेवतं ते कुणी कबूल करेना. मी पुडी उचलायला हात पुढे केला की आतून तो नेमका ‘दोन वार’ म्हणायचा. मी मोठा धीट माणूस. पुडी तिथेच ठेवायचो.

मग खरेदीदार आला. चित्रपट त्याला आवडला होता, पण लिलावाचं दृश्य काढा म्हणाला. माणूस कॅमेऱ्यात बघतो, वर उगाच थांबतो. ही चूक आहे. काढलं तरच सौदा. मी हे निर्मातीबाईंच्या कानावर घातलं. ती मासे कापत होती. कोयता न थांबवता म्हणाली, “बाकी काय पण काप. आमचा मानूस कापायचा नाय.”

एकदा आमच्या लोकांत बसून बघा, अशी मी खरेदीदाराची विनवणी केली. गावातला हॉल घेतला. बाया बाजारातून थेट आल्या, मासळीच्या वासासकट. निर्मातीबाई पहिल्या रांगेत बसली, माझ्या शेजारी. माझ्या दुसऱ्या बाजूला खरेदीदार, नाकाला रुमाल.

लिलाव आला. पडद्यावर तो हॉलभर मोठा, पाण्याने निथळणारा. ‘एक वार’ म्हणाला, आणि हॉलच्या मागच्या रांगांतल्या खलाशांची कुजबुज थांबली. ‘दोन वार.’ त्याने मान वळवली आणि पहिल्या रांगेकडे बघितलं. आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं तो कुणाकडे बघतोय. आता खरेदीदारालाही कळलं असावं, कारण त्याचा रुमाल खाली आला. पुढे चित्रपट त्या दृश्यासकट विकला गेला, हे आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटचं वाक्य माझं नाही.

तो थांबला होता. अंधारात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. ती उठून उभी होती, हात वर.

“अवो, थांबा. माजी बोली ऱ्हायलीय.”