कडेची टीप

पुतण्याच्या लग्नाला निघायचं म्हणून हिरवा ब्लाउज काढला, तर हात अर्ध्या बाहीतच अडकला. खिडकीशी बसून टीप उसवायला घेतली. उन्हात शिवणीशी सुईच्या भोकांच्या ओळी दिसल्या, भरती ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा. भात सोडला होता तेव्हाची सगळ्यात आतली. मग दिवाळीच्या फराळाने बाहेर ढकललेली. पुन्हा काकडीवर दिवस काढले तेव्हाची परत आत. प्रत्येक टीप घालताना वाटायचं, आता ही कायमची.

मोठ्या जाऊबाई डोकावल्या. “थोडंसंच सोड गं. महिन्याभरात बारीक होशील, मग पुन्हा आत घ्यावं लागेल.”

मी हसले आणि कडेची एक टीप ठेवून बाकीच्या सगळ्या उसवल्या. शिवणीत दडलेलं कापड बाहेर आलं. बाकीचा ब्लाउज विटला होता; ही पट्टी मात्र हिरवीगार, कोरी. शिंप्याने ती माझ्यासाठीच ठेवली होती आणि मी मात्र इतकी वर्षं तिला दुमडून आत दाबत होते.

ब्लाउज घातला, दोन्ही हात वर करून गजरा माळला. कुठेही काही ताणलं नाही.

“वहिनी,” मी जाऊबाईंना म्हटलं, “आज पहिल्याच पंगतीला बसू या.”