थांबलेला थेंब

चहाचा कप हातात आला की ती तो गोल गोल फिरवत बसायची. चहा संपेपर्यंत कप टेबलाला टेकायचा नाही. एकदा विचारलं, तर म्हणाली, "सवय हो दादा. घरी चुलीवरची पेज माझ्याकडे असायची. हात थांबला की लागते खाली."

ती किन्हवलीची, मी शहापूरचा; तालुका एकच. मुंबईच्या एका संशोधन संस्थेत मी लेसरचं यंत्र सांभाळतो. पीएच.डी. झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी ती आमच्याकडे कराराने आली. चारचौघांत ती शुद्ध बोलायची. आम्ही दोघंच असलो की नाय, आमी, तुमी सुरू.

काम असं होतं. डोळ्यांना न दिसणारा अतिनील लेसर रक्तातल्या हिमोग्लोबिनवर सोडायचा. रेणूवरून विखुरलेला थोडासा उजेड किंचित बदलून येतो. तो बदल मोजून आलेख काढला की रेणूची ठेवण कळते. याला रामन वर्णपट म्हणतात. पण हा लेसर फार तिखट असतो. नमुना त्याच्याखाली एका जागी ठेवला तर रेणूच जळतात. म्हणून काचेची नळी मोटरवर फिरवत ठेवायची.

आम्हाला सिकलसेलचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचं रक्त तपासायचं होतं. डोळखांबच्या वरच्या एका पाड्यावरून ते तिनेच आणलं. घरोघर बसून, काय करणार ते सांगून, आणि "जे निघेल ते येऊन सांगेन" असा शब्द देऊन.

ते रक्त होतं थोडं. फिरत्या नळीला जास्त लागतं. लेकरांच्या अंगातलं रक्त, वाया जायला नको, म्हणून मी त्याचा थेंब काचपट्टीवर ठेवून तसाच लेसरखाली धरला. आमच्या संस्थेतल्या निरोगी माणसांचं रक्त भरपूर होतं, ते नळीत फिरवलं. मला वाटलं, काटकसर केली.

सिकलसेलच्या आलेखावर एक नवा उंचवटा आला. निरोगी रक्तात तो नव्हता. आमचे सर हरखले. एका थेंबात आजार ओळखता येईल, असा निबंध लिहायला घेतला.

ती मात्र तो आलेख परत परत बघत राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, बोट द्या."

तिने माझं रक्त घेतलं आणि काचपट्टीवर तसंच, न हलवता, लेसरखाली ठेवलं. उंचवटा आला.

"तुमाला बी सिकलसेल झालाय वाटतं," ती म्हणाली. माझा चेहरा बघून हसली. "घाबरू नका. तुमी करपलाय फक्त."

मग पाड्यावरचं उरलंसुरलं रक्त एकत्र करून तिने नळी कशीबशी भरली आणि मोटर लावली. उंचवटा गेला.

बैठकीत तिने हे सगळं मांडलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "यंत्र तुम्ही चालवता. नमुना थांबवून ठेवला होता?"

मी म्हणालो, "बघावं लागेल, सर."

बघायचं काही नव्हतं. पाड्यावरचा थेंब मीच थांबवला होता, आणि माझा स्वतःचा थेंबही माझ्यासमोरच करपला होता. एवढी वर्षं हे मी घरीसुद्धा बोललो नाही. तुम्हाला सांगतोय.

सर तिला म्हणाले, "तुझ्या मुदतवाढीचा विचार कर."

"केलाय. निबंधातून माझं नाव काढा."

"नाव नसेल तर कामही नसेल."

"कळलं, सर. नाव काढा."

जिन्यात मी तिच्या मागे गेलो. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "दादा, तुमी पेज करपवलीत, ते ठीक. करपली म्हणायला काय झालं?"

रविवारी ती पाड्यावर निघाली. मीच तिला मोटारसायकलवर नेलं. अंगणात माणसं जमली. ती उभी राहून म्हणाली, "एका थेंबात आजार कळेल असं आमचे साहेब लिहितील. तसं काय नाय. आमचं चुकलंय. रक्त उजेडाखाली एका जागी राहून जळलं."

एका बाईच्या मुलीचे सांधे सारखे दुखायचे. ती बाई म्हणाली, "मंग पोरीचं रगत उनात वाळवलं का तुमी?"

"वाळवलं नाय, मावशी. करपवलं."

"आन हे कोण?"

"यंत्र हेच सांभाळतात," ती म्हणाली, आणि थांबली. माझ्यासाठी थांबली होती. मोटारसायकल दारात असताना मी बाजूच्या माणसाला संध्याकाळच्या एसटीचं विचारलं.

बाई तिला म्हणाली, "परत मागशील?"

"मागेन. पण खरं सांगूनच."

"मंग ये. या टायमाला आधी माझं घे. पोरीला नको टोचू."

तिला मुदतवाढ मिळाली नाही. निबंध छापून आला. शेवटी आभारांत माझं नाव आहे, तिचं कुठेच नाही. ती आता लांब दक्षिणेत कुठेशी काम करते. फोन केला की पहिलं विचारते, "मोटर फिरते ना?" मी फिरते म्हणतो आणि विषय बदलतो.

परवा त्याच पाड्यावरून नवे नमुने आले. त्या बाईचंही रक्त होतं. सर म्हणाले, "थोडंच आहे. फिरवत बसू नका, पट्टीवर घ्या."

"नाय, सर."

नाय असंच तोंडातून गेलं. सरांनी वर पाहिलं.

"थांबवलं की करपतं. मागच्या वेळी मीच करपवलं होतं. तिचं बरोबर होतं."

"आणि छापलेल्या निबंधाचं काय?"

"तो चुकीचाय, सर. कोणी विचारलं तर हेच सांगेन. नाही विचारलं तरी सांगेन."

सर दार लोटून गेले. माझं काय करायचं ते ठरवतील. यंत्रापाशी तिचं स्टूल अजून आहे, त्यावर आम्ही हातमोज्यांचा खोका ठेवतो. खोका उचलून मी तिथे बसलो, त्या बाईचं रक्त पातळ करून नळी भरली आणि मोटर लावली.