धुळाच्या गाडीचा धूर

अकरा जानेवारी २०२५, शनिवार. कवठे महांकाळला स्टँडामागे पीयूसीची व्हॅन उभी असते. तिथे धुळाने एकशे पन्नास रुपये मोजून दिले आणि आपल्या पिकअपच्या सायलेन्सरमध्ये मशिनची नळी घालून घेतली. व्हॅन चालवणारी समीक्षा पंचविशीची मुलगी. ती म्हणाली, "काका, रेस पूर्ण दाबा." धुळाने पाय दाबला. मागे असा काळा लोट उठला की पलीकडच्या रसवाल्याने घाईघाईने ग्लासांवर फडकं टाकलं आणि एक शिवी हासडली.

समीक्षाने आकडा वाचला. "चार पूर्णांक एक. अडीचच्या आत पायजे, काका. नापास."

हा शब्द धुळाने याआधी एकदाच ऐकला होता, दुसरीच्या वर्गात. त्या वर्षी वडिलांनी त्याला शाळेतून काढला आणि मेंढरांमागे लावला. आता त्याची पन्नाशी जवळ आली होती, आणि हा शब्द पुन्हा पुढ्यात येऊन उभा राहिला होता.

धुळाचा जन्म वाड्यावरचा. वाडा म्हणजे घर नव्हे. चार-सहा कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री आणि कोंबड्या मिळून रानोमाळ फिरणारा धनगरांचा तळ. दिवाळी झाली की वाडा कवठे महांकाळच्या कोरड्या माळावरून निघतो आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवत बसवत सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यापर्यंत जातो. चालता न येणारी कोकरं आणि संसाराची भांडी पूर्वी घोड्यांवर असत. दहा वर्षांपूर्वी धुळाने आपल्या वाट्याची मेंढरं विकली, औंधच्या यात्रेतल्या बाजारात घोडीही विकली आणि जुनी पिकअप घेतली. तेव्हापासून वाड्यात धुळाचं एकही जनावर नव्हतं. गाडी हाच त्याचा वाटा. गाडी आहे तोवर तो वाड्याचा माणूस.

पण या साली गाडी धूर ओकू लागली. डिसेंबरात खंबाटकी घाट चढताना तिने मागच्या गाड्यांना अंधार दाखवला. वाड्याचा म्होरक्या जोतिबा, म्हणजे धुळाची बायको चंद्राबाई हिचा धाकटा भाऊ, त्या दिवसापासून गाडीला 'चूल' म्हणायला लागला. बघता बघता सगळा वाडाच म्हणायला लागला.

आता शुक्रवारी, सतरा तारखेला, सांगलीला गाडीचं पासिंग होतं, त्यासाठीच धुळा गाडी घेऊन गावी आला होता. पीयूसीशिवाय पासिंग नाही आणि पासिंगशिवाय हायवेवर गाडी घालायची सोय नाही. शनिवारी पहाटे वाडा खंडाळ्याहून हलणार होता. मेंढरांची वेतं चालू होती, दोन-दोन दिवसांची कोकरं थंडीत कुडकुडत होती.

संध्याकाळी जोतिबाचा फोन आला.

"दाजी, झाली का चूल पास?"

"हुईल. आकाराम बघतोय."

"बघू द्या. न्हाईतर फुंकणी घिऊन मागं बसा. घोडी इकून चूल घेतली, आता भाकरी तरी थापा तिच्यावर."

"जोत्या, त्वांड सांभाळ. थोरला हाय मी."

"थोरलं हायसा म्हणून तर सांगतोय." जोतिबाचा आवाज जरा खाली आला. "दाजी, कोकरं लय झाल्यात. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत गाडी आली न्हाई, तर मी शिरवळचा टेंपो ठरीवतो. पार पावसाळ्यापातूर. मग माझ्यावर रुसायचं न्हाई."

धुळाने फोन ठेवला. चंद्राबाईने विचारलं, "काय म्हणतोय?" धुळा म्हणाला, "भाकरी थापा म्हणतोय." ती हसली नाही. तिला भावाचा स्वभाव माहीत होता. बोललेलं तो करणारच.

रविवारी धुळाने गाडी आकारामच्या गॅरेजला नेली. आकाराम फौजेत गाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, धुळाचा शाळेतला दोस्त. नेण्याआधी धुळाने एक काम केलं. बॉनेटखाली, इंजिनासाठी हवा ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर, घोंगड्याची एक पिशवी बांधलेली होती. ती त्याने सुतळी सोडून अलगद काढली आणि सीटमागे ठेवली.

ही पिशवी धुळाचीच अक्कल. माळावरच्या फुफाट्याने गाडीचा एअर फिल्टर सारखा बुजायचा. दिवाळीत त्याने विणकराकडून कोऱ्या घोंगड्याचा उरलेला हातभर तुकडा मागून आणला, चंद्राबाईने त्याची पिशवी शिवली, आणि नळीच्या तोंडावर ती घट्ट बसवली. माणसाला थंडी-वारा-धुरळ्यापासून जे राखतं, ते गाडीला का नाही राखणार? फिल्टर तेव्हापासून खरोखरच स्वच्छ राहिला होता. पण घोंगडं म्हणजे बिरोबाचं. त्यावर भंडारा पडतो, त्यावर हात ठेवून दिलेला शब्द मोडत नाहीत. गॅरेजचे तेलकट हात त्याला लागलेले धुळाला चालत नव्हते. म्हणून गॅरेजला जाताना तो पिशवी काढायचा आणि गाडी बाहेर आली की पुन्हा बांधायचा. आकारामला ती दाखवावी, असं त्याच्या मनातही आलं नाही. देव्हाऱ्यातला टाक कुणी डॉक्टरला दाखवतं का?

आकारामने नोझल काढून धुतले, ऑइल बदललं, रेस मारून मागे जाऊन पाहिलं. "गाडी एकदम ओके हाय गड्या. कुटं हाय धूर?"

खरोखरच धूर नव्हता. धुळाचा जीव भांड्यात पडला. सोमवारी सकाळी त्याने पिशवी पुन्हा बांधली, गाडी व्हॅनपाशी लावली, एकशे पन्नास रुपये दिले आणि पाय दाबला.

"चार पूर्णांक तीन," समीक्षा म्हणाली. "काका, वाढलंय उलट."

रसवाल्याने या खेपेला ग्लास आधीच झाकून ठेवले होते.

मंगळवारी पुन्हा आकाराम. पुन्हा पिशवी सीटमागे, पुन्हा गाडी ओके. आकाराम वैतागला. "धुळ्या, तुझी गाडी माझ्याफुडं सासरी आलेल्या सुनंगत वागती आन तितं गेली की अंगात आल्यागत करती. त्या पोरीचं मशीनच खोटं असंल."

"मशीन खोटं म्हनावं तर आपल्याला धूर दिसतोय की रं डोळ्यांनी."

"मग नोझल परत धुतो."

बुधवारी नोझल परत धुतले गेले. गुरुवारी धुळा घरीच बसला. दुपारी चंद्राबाईने न विचारता खंडाळ्याच्या तयारीची गठुडी बांधायला घेतली.

"कशाला बांधतीस?" धुळा म्हणाला. "टेंपो ठरणार हाय."

"ठरू द्या. मला भावाकडं जायाचंच हाय. तुमी न्हाई आला तर एस्टीनं जाईन," ती म्हणाली, आणि गाठ मारली.

शुक्रवारी तांबडं फुटायच्या आत दोघं निघाली. जाता जाता एकदा शेवटचं व्हॅनपाशी थांबायचं. नाहीच झालं तर गाडी स्टँडावर सोडून एस्टी धरायची, असं ठरलं होतं. थंडी मरणाची होती. पिकअपच्या डाव्या दाराची काच वर चढत नसे, त्यातून वारा सपासप आत येत होता. धुळाने दिवाळीत घेतलेलं कोरं घोंगडं डोक्यावरून ओढून नाकावर घट्ट गुंडाळलं आणि नुसते डोळे उघडे ठेवून तो गाडी हाकू लागला.

चंद्राबाईने त्याच्याकडे पाहिलं. "आवं, नाक बाहीर काढा."

"थंडी वाजतीया."

"वाजू द्या. कोरं घोंगडं हाय ते, गुदमरशीला. ल्हान लेकराला सुदिक कुनी कोऱ्या घोंगड्यात त्वांड घालून निजवत न्हाई. खळ हाय त्याला. पानी न्हाई जात त्यातनं, का वारं न्हाई जात."

हे तिने सहज म्हटलं, प्रत्येक धनगरीण पोराला म्हणते तसं. नव्या घोंगड्याला चिंचोक्याची शिजवलेली खळ देतात. त्याने ते पत्र्यासारखं ताठ होतं, आणि पाऊस-वारा बाहेरच राहतो. धुळाला हे जन्मापासून ठाऊक होतं. तो दम घेण्यासाठी नाक उघडं करायला गेला आणि त्याचा हात तसाच राहिला. त्याने ब्रेक दाबला. गठुडी पुढे आली.

"आता काय झालं?"

"मग गाडीचं?"

"गाडीचं काय?"

"गाडीचं नाक!"

तो खाली उतरला. बॉनेट उघडून मोबाईलच्या बॅटरीच्या उजेडात त्याने सुतळी सोडली. अवकाळी पावसाचं पाणी, दोन महिन्यांचा फुफाटा आणि खळ यांचा लगदा होऊन, वाळून, पिशवी वाळल्या पापडासारखी झाली होती. धुळाने ती बंपरवर आपटली. टक टक असा आवाज आला. लाकडाचा यावा तसा.

चंद्राबाई दारात उभी राहून बघत होती. आधी तिने तोंडाला पदर लावला. मग पदराने काम भागेना.

"दोन म्हैनं बिचारीचं नाक दाबून धरलंसा आन वर पळ पळ म्हनतायसा व्हय!"

"शिवली कुनी?" धुळा म्हणाला.

"शिवली मी. पर बांध म्हनून सांगितलं हुतं का?"

मग दोघंही त्या रिकाम्या रस्त्यावर पोट धरून हसली. धुळाने पिशवी कपाळाला लावली, बिरोबाची माफी मागितली आणि ती सीटमागे ठेवून दिली.

समीक्षा व्हॅनचं शटर नुकतं वर करत होती. धुळाला पाहून तिचा चेहरा पडला. "काका, परत तेच हुईल. पैसे वाया घालवू नका."

"लाव बाय नळी."

इंजिन तापलं होतं. धुळाने पाय दाबला. गाडीने असा मोकळा हुंकार दिला की तोही दचकला. मागे काहीच उठलं नाही. समीक्षाने मशिनकडे पाहिलं, नळी काढून फडक्याने पुसली आणि पुन्हा घातली. "परत दाबा." त्याने परत दाबला.

"एक पूर्णांक दोन," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"पास, काका."

"परत म्हन."

"पास!"

धुळा खाली उतरला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आला. चंद्राबाई खिडकीतून ओरडली, "पर्दक्षिना घालून झाली आसंल तर पैसं द्या तिचं!" धुळाच्या खिशात शंभराची एकच नोट होती. चंद्राबाईच्या कमरेच्या पिशवीत डिझेलसाठी पाचशेच्या नोटा होत्या, आणि समीक्षाकडे सकाळी सकाळी सुट्टे नव्हते.

"सकाळी सकाळी उधारी करू नये, काका. भवानीचं गिऱ्हाईक तुमी," ती म्हणाली. मग धुळाच्या चेहऱ्याकडे पाहून हसली. "द्या शंभर. हीच भवानी."

दहाच्या आत गाडी सांगलीच्या पासिंगच्या रांगेत उभी होती. साहेबाने दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, मागची लाल पट्टी पाहिली, पीयूसीचा कागद पाहिला आणि मान हलवली. इतकंच. बाहेर येऊन धुळाने आकारामला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आरं धुळ्या," आकाराम म्हणाला, "ती पिशवी मला का दावली न्हाईस?"

"तुझं हात तेलाचं."

"माझं हात तेलाचं! आन मी नोझल धुतोय, परत धुतोय, फौजेत कधी इतकं धुतलं न्हाईत!" मग तो इतका हसला की फोनवर नुसती खरखर ऐकू येऊ लागली. "जा गड्या, जा. दिवस मावळायच्या आत पोच."

कराड मागे पडलं, सातारा मागे पडला. उन्हं कलताना खंबाटकी घाट आला. डिसेंबरात इथेच गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढली होती आणि मागच्या लोकांनी हॉर्नवरचा हात काढला नव्हता. धुळाने तिसरा गिअर टाकला. गाडी चढत राहिली. उसाच्या एका ट्रॅक्टरला तिने मागे टाकलं, मग सिमेंटच्या एका ट्रकला. धुळा आरशात मागे बघत होता. आरशात घाट होता, उन्हं होती, मागच्या ड्रायव्हरचं तोंडसुद्धा स्वच्छ दिसत होतं.

"फुडं बघा," चंद्राबाई म्हणाली.

"बघतोय की."

"मागं बघतायसा मघापास्नं."

खंडाळ्याबाहेरच्या कांद्याच्या रानात वाडा उतरला होता. जोतिबा बांधावर कानाला फोन लावून उभा होता. गाडी दिसताच तो बोलायचा थांबला. "टेंपोवाल्याला, थांब जरा, म्हनलंय," तो आधी म्हणाला, मग बहिणीला बघून ओशाळला.

धुळा उतरला. कागद त्याने खिशातून काढलाच नाही. "जोत्या, टोपी दे."

"कशाला?"

"दे."

जोतिबाने आपली पांढरीशुभ्र टोपी काढून दिली. धुळाने ती त्याच्याच हातात ठेवून तो हात सायलेन्सरच्या तोंडाशी नेला. "धर. हालू नगंस." मग वर चढून त्याने पाय तळापर्यंत दाबला. इंजिन गरजलं. मेंढरं दचकून एका अंगाला झाली, कुत्री भुंकू लागली. धुळाने पाय काढला आणि तो खाली उतरला.

वाड्यातली बायामाणसं जमली होती. जोतिबाने टोपी उलटीपालटी करून पाहिली. उजेडाकडे धरून पाहिली. पांढरी होती तशी पांढरी.

"काय रं?" धुळा म्हणाला. "भाकरी थापायची का?"

जोतिबाने टोपी डोक्यावर ठेवली, फोन कानाला लावला आणि म्हणाला, "टेंपो नगं. आमची गाडी आली."

'आमची गाडी' असं तो म्हणाला. चंद्राबाईने ते ऐकलं आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला.

पहाटे कोकरं गाडीत चढली. त्यांतलं एक रात्रीच जन्मलेलं होतं, ओलं आणि थरथरणारं. धुळाने सीटमागची पिशवी काढली, चोळून चोळून तिची माती झटकली आणि कोकराच्या अंगात घातली. डोकं मात्र बाहेर ठेवलं. वारा लागेना तसं ते थरथरायचं थांबलं. मग गाडी हलली, मागून मेंढरं हलली, आणि धूर कुठेच नव्हता.

समीक्षाचे पन्नास रुपये धुळाकडून अजून यायचे आहेत.